परत आल्यावरचा ताण: आपल्याच घरी रुळायला इतकं जड का जातं?

पाऊलवाट

बरीच वर्षं परदेशात काढून कायमचं मायदेशी परतणाऱ्यांच्या मनावर जो ताण येतो, त्याबद्दल हा धागा. जातानाच्या ताणाची निदान चर्चा होते, तयारीही करून घेतली जाते. परतणाऱ्याला मात्र लोक एवढंच विचारतात, "सामान कधी पोचतंय?" आणि महिन्याभराने, "काय, रुळलात ना?" या दुसऱ्या प्रश्नाला 'हो' सोडून दुसरं उत्तर कुणालाच ऐकायचं नसतं.

मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. हा त्रास नेमका कशाने होतो? निघण्याआधी काय केलं तर तो कमी होतो? आणि किती दिवस चालला की 'आता डॉक्टरकडे जाऊ या' म्हणायचं?

स्वतःच्या कहाण्यांसाठी दुसरा धागा वाहतोच आहे. इथे कृपया कारणं, उपाय आणि नेहमी होणाऱ्या चुका एवढंच लिहा.

निळी शाई

कारणापासून सुरुवात करते.

युद्धावरून घरी येणाऱ्या सैनिकांबद्दल लिहिताना समाजशास्त्रज्ञ आल्फ्रेड शुट्झ यांनी १९४५ साली एक साधा फरक मांडला. परक्या मुलखात जाणारा 'मला इथलं काही कळणार नाही' हे गृहीत धरून जातो. घरी येणाऱ्याला वाटतं, सगळं माहीतच आहे, फक्त आठवायचं आहे. प्रत्यक्षात घर पुढे सरकलेलं असतं आणि माणूसही बदललेला असतो. त्यात घरच्यांचीही समजूत असते की गेला तोच परत आला.

आता हे रोजच्या पातळीवर बघा. रस्ता ओलांडताना मान आधी कुठल्या बाजूला वळते, रांगेत पुढच्यापासून किती अंतर सोडायचं, समोरच्याचं वाक्य संपल्यावर किती थांबून बोलायचं, 'बघू' म्हणजे होकार की नकार, या गोष्टी आपण विचार करून करत नाही, त्या अंगवळणी पडलेल्या असतात. परदेशात काही वर्षांत त्या नव्याने बसतात. परतल्यावर त्यातल्या कित्येक चुकायला लागतात. एकेक चूक क्षुल्लक असते, पण दिवसातून शंभरदा आपोआप होणारी गोष्ट थांबून विचार करून करावी लागली की संध्याकाळी माणूस काहीही 'न करता' दमलेला असतो. घरच्यांना वाटतं आळसावलाय.

शिवाय परक्याची चूक लोक माफ करतात. परतलेल्याने तीच चूक केली की शिष्टपणाचा शिक्का बसतो.

काटकोन

मला हे सगळं फुगवून सांगितल्यासारखं वाटतं. आपली भाषा, आपली माणसं. चार आठवड्यांत सवय होते. तुलना बंद करा, प्रश्न मिटला.

ढोबळमानाने

काटकोन, सामान जहाजाने येतं, मन त्याहून सावकाश येतं. आणि मनाला ट्रॅकिंग नंबर नसतो. दिवा घ्या, म्हणजे हलकेच घ्या.

कासव

'चार आठवडे' वरून आठवलं. या विषयावर सगळीकडे एक वक्ररेषा फिरत असते, तिच्याबद्दल सावध करतो.

नॉर्वेचे स्वेरे लिसगार्ड यांनी १९५५ साली अमेरिकेत राहून आलेल्या नॉर्वेजियन शिष्यवृत्तीधारकांचा अभ्यास छापला. सहा महिन्यांहून कमी किंवा दीड वर्षाहून जास्त राहिलेले लोक बरे रुळलेले दिसले, मधले कमी. यातून यू अक्षराचा वक्र आला: आधी आनंद, मग घसरण, मग सावरणं. १९६३ मध्ये गुलाहॉर्न दांपत्याने त्याला परतीचा दुसरा यू जोडला आणि त्याचा डब्ल्यू झाला. परतीच्या प्रत्येक मार्गदर्शनात हा डब्ल्यू हमखास भेटतो.

गोची अशी की लिसगार्ड यांनी एकाच माणसाला वेगवेगळ्या टप्प्यांवर तपासलं नव्हतं, वेगवेगळी माणसं एकमेकांशी ताडून पाहिली होती. १९९८ मध्ये कॉलिन वॉर्ड आणि सहकाऱ्यांनी न्यूझीलंडला आलेल्या जपानी विद्यार्थ्यांना पोचल्यापासून वर्षभर, टप्प्याटप्प्याने तपासलं. सुरुवातीचा तो तथाकथित मधुचंद्र सापडलाच नाही. सगळ्यात जास्त त्रास अगदी पोचल्या पोचल्याच होता. हा अभ्यास जाण्याबद्दलचा आहे, येण्याबद्दलचा नाही, पण डब्ल्यूचा पहिला अर्धा भाग म्हणजे जाण्याचा यूच असल्यामुळे तो इथेही लागू पडतो.

तात्पर्य, 'तिसऱ्या महिन्यात घसरण येणारच' असं धरून बसू नका, आणि पहिल्याच आठवड्यात रडू आलं तर 'हे वेळापत्रकात बसत नाही' म्हणून घाबरूही नका.

अर्धविराम

+१. मग वेळापत्रक नसेल तर कुणाला जास्त त्रास होणार हे कशावरून ओळखायचं?

कासव

अर्धविराम, यावर नॅन ससमन यांची २००० सालची मांडणी उपयोगी आहे. परदेशात राहताना आपल्या ओळखीचं काय झालं यावरून त्यांनी चार प्रकार केले. काहींची मूळची ओळख वजा होते, ते परतल्यावर स्वतःच्या लोकांत उपरे वाटून घेतात. काहींची बेरीज होते, तिकडच्या सवयी अंगात मुरतात आणि इथे त्या कुठे ठेवायच्या हे कळत नाही. या दोन्ही गटांना परत येणं कठीण जातं. तिसऱ्यांची मूळ ओळख तिकडे आणखी घट्ट होते, त्यांना परतणं म्हणजे सुटका वाटते. चौथे एकाच वेळी अनेक समाजांत वावरायला शिकतात, त्यांना फारसा धक्का बसत नाही.

म्हणजे उलटा न्याय आहे. तिकडे जो उत्तम रुळला त्यालाच इकडे जास्त जड जाऊ शकतं. घरातल्या चौघांचे चार प्रकार असू शकतात, आणि भांडणं तिथून सुरू होतात.

टिपणवही

मनाचं तुम्ही बघा, मी कागदांचं लिहिते. कारण पहिल्या दोन महिन्यांतला निम्मा मनस्ताप कागदांचा असतो आणि तो टाळता येतो.

सर्वात मोठी चूक: तिकडचा मोबाइल नंबर निघायच्या दिवशी बंद करणं. बँक, करखातं, निवृत्तिवेतनाचं खातं, सगळ्यांचे ओटीपी त्याच नंबरवर येतात. नंबर गेला की खातं लॉक, आणि ते उघडायला 'शाखेत समक्ष या'. किमान एक पूर्ण करवर्ष तो नंबर स्वस्तातल्या योजनेवर जिवंत ठेवा, किंवा निघण्याआधी पडताळणी ॲपवर किंवा ईमेलवर वळवून एकदा आत-बाहेर जाऊन तपासा. बँक खातंही शेवटचा पगार, घराची अनामत आणि कराचा परतावा जमा होईपर्यंत बंद करू नका.

दुसरी: प्रमाणपत्रांवर अपोस्टिल, म्हणजे कागद अस्सल असल्याचा परदेशात चालणारा सरकारी शिक्का, न करून घेणं. १९६१ च्या हेग करारातल्या देशांत हा शिक्का चालतो, पण तो ज्या देशाने कागद दिला त्याच देशात मिळतो. परत आल्यावर पोस्टाने करायचं म्हटलं तर महिने जातात, तोवर नोकरी किंवा शाळाप्रवेश अडकतो. पदव्या, लग्नाचा आणि तिकडे जन्मलेल्या मुलांचा जन्माचा दाखला यांचं आधी करून घ्या.

नोकरीचं पत्र मागताना नुसत्या तारखा नकोत. पद, कामाचं स्वरूप, पूर्णवेळ की अर्धवेळ, हे लिहून सहीशिक्क्यानिशी घ्या. मुलांचे मागच्या दोन वर्षांचे शाळेचे अहवाल आणि तारखांसकट लसीकरणाची नोंद. चालू औषधांची चिठ्ठी ब्रँडच्या नावाने नको, औषधाच्या मूळ नावाने हवी, कारण ब्रँड देशागणिक बदलतात.

हे सगळं हातातल्या पिशवीत ठेवा. मालवाहू पेटीत टाकलेले कागद सामानाबरोबरच येतात, म्हणजे गरज संपल्यावर.

निळी शाई

टिपणवही, औषधांच्या मुद्द्याला जोडून एक. नैराश्याची किंवा चिंतेची गोळी चालू असेल तर परतीच्या धांदलीत ती संपते आणि 'आता घरीच चाललोय, गरज काय' म्हणून सोडून दिली जाते. एकदम बंद केल्याने चक्कर, चिडचिड, झोप उडणं, डोक्यात विजेसारखे झटके असे त्रास होऊ शकतात, आणि मग ते परतीच्या ताणाच्या नावावर खपतात. नवा डॉक्टर मिळेपर्यंत पुरेल एवढा साठा, नियमात बसेल तेवढा, बरोबर घ्या. डोस कमी करायचा तर डॉक्टरच्या सल्ल्याने आणि सगळं स्थिरस्थावर झाल्यावर.

तिसरी घंटा

टिपणवहीचा प्रतिसाद वाचनखुणेत साठवला.

काटकोन यांच्या 'तुलना बंद करा' साठी माझा उपाय: घरात एक दंडपेटी ठेवायची. जो 'तिकडे असं नसतं' म्हणेल त्याने एक नाणं टाकायचं. वर्षभरात परत जायच्या तिकिटाचे पैसे जमतात.

निळी शाई

तिसरी घंटा, हसले. पण तुलना दाबून टाकायला सांगू नये. ज्या विचाराला मज्जाव केला तो जास्त वेळा डोकं वर काढतो. तुलना झाली तर झाली, ती कुणापुढे बोलून दाखवायची एवढंच ठरवायचं. ज्यांनी घर सोडलंच नाही त्यांच्यापुढे 'तिकडे' म्हटलं की त्यांना ते 'तुम्ही कमी आहात' असं ऐकू येतं. तीच गोष्ट परतून आलेल्या दुसऱ्यापुढे बोलली तर दहा मिनिटांत हलकी होते. म्हणून असा एक तरी माणूस आधीच शोधून ठेवावा.

नुसतं लिहिणंही चालतं, पण 'काय वाईट' असं लिहू नका. 'काय नाही म्हणून चुकल्यासारखं वाटतं' असं लिहा. 'लोक आवाज करतात' या वाक्याच्या खाली बहुधा 'मला एकटीला बसायला जागा उरली नाही' असं निघतं. पहिल्यावर उपाय नाही. दुसऱ्यावर आहे: रोज अर्धा तास, दार लावून, घरच्यांना आधी सांगून.

साखळी क्रमांक सात

वाचतोय, आणि एक गोष्ट खटकते. आत्तापर्यंतचे बहुतेक प्रतिसाद ज्यांनी परतायचं स्वतः ठरवलं त्यांच्यासाठी आहेत. अपोस्टिल करायला सवड मिळणं हीच चैन आहे.

इटलीच्या फ्रान्चेस्को चेरासे यांनी १९७४ मध्ये अमेरिकेहून परतणाऱ्या इटालियनांचे चार प्रकार सांगितले: जमलं नाही म्हणून परतणारे, ठरवलेली पुंजी साठली म्हणून परतणारे, म्हातारपणी परतणारे आणि काही नवं करायला परतणारे. पहिल्या गटाबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं, कारण ते स्वतःच बोलत नाहीत. त्यात आता हद्दपार झालेले, करार मध्येच तुटलेले, २०२० च्या साथीत रातोरात परतलेले धरा. जाँ-पिएर कासारिनो यांनी २००४ मध्ये लिहिलं की परतीचं यश तयारीवर ठरतं, आणि तयारी म्हणजे इच्छा अधिक सवड अधिक साधनं. इथे तिन्ही नसतात.

अशा घरांत ताण कसा दिसतो ते सांगतो. इतकी वर्षं महिन्याच्या एका ठरलेल्या तारखेला घरी पैसे यायचे. माणूस परत येतो आणि ती तारीख कोरडी जाते. कुणी काही बोलत नाही. पण त्या दिवशी तो बाहेर निघून जातो, किंवा क्षुल्लक कारणावरून ताट सारून उठतो. घरच्यांना कळत नाही कशावरून. कॅलेंडर बघितलं की कळतं.

दुसरं, तो नसताना घर त्याच्याविना चालायला शिकलेलं असतं. बँकेत सही बायको करते, मुलांना रागवायचं काम आजीचं, घराची किल्ली थोरल्याकडे. हा येऊन एका आठवड्यात सगळा कारभार हातात घ्यायला जातो, आणि मुलं त्याचं ऐकण्याआधी आईकडे बघतात. तिथे अपमान वाटतो. पहिले तीन महिने नवी एकच जबाबदारी घ्यावी, जी कुणाकडून काढून घ्यावी लागत नाही. बाकीच्या हळूहळू, विचारून.

परतणारी बाई असेल तर उलटं होतं. तिकडे तिच्या हातात स्वतःचा पगार होता, इथे आल्या दिवसापासून जुनी कामं न विचारता तिच्या अंगावर पडतात. कमावलेले पैसे कुणाच्या खात्यात राहणार हे येण्याआधीच स्पष्ट करून घ्यावं.

पैशाबद्दल: कर्ज असेल तर कुणाचं, किती, कुठल्या व्याजाने, याची यादी एका कागदावर, घरातल्या दोन मोठ्या माणसांसमोर. लपवलेलं कर्ज झोप घालवतं, रक्कम कितीही असो. आणि उरलेली पुंजी पहिल्या सहा महिन्यांत धंद्यात घालू नका. 'मी रिकाम्या हाताने आलो नाही' हे दाखवण्याच्या घाईत उघडलेलं दुकान हा नेहमीचा खड्डा आहे. गाडी घेणं त्याच खड्ड्याचं दुसरं टोक.

काटकोन

साखळी, हा प्रतिसाद पटला. 'चार आठवडे' मागे घेतो. तुलनेचं अजून पूर्ण पटलेलं नाही.

खडूफळा

मुलांबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो.

मोठी माणसं परत येतात, मुलं नव्याने जातात. तिकडे जन्मलेल्या मुलाला 'घरी चाललोय' हे वाक्य खोटं वाटतं, कारण तो घर सोडून चाललेला असतो. डेव्हिड पोलॉक यांनी अशा मुलांना लपलेले स्थलांतरित म्हटलं: दिसायला सगळ्यांसारखे, आतून वेगळे. परकं दिसणाऱ्या मुलाला शिक्षक समजावून सांगतात. याला 'एवढंही येत नाही?' ऐकावं लागतं.

भाषेत पालक हमखास फसतात. घरात मूल मातृभाषा फडाफडा बोलतं, म्हणून शाळेत जमेल असं धरतात. जिम कमिन्स यांनी दाखवून दिलं की बोलण्याची भाषा साधारण दोन वर्षांत येते, पण पाठ्यपुस्तकाची, म्हणजे 'कारणे द्या' आणि 'फरक स्पष्ट करा' ची भाषा वयाबरोबरीला यायला पाच ते सात वर्षं लागतात. इतिहासात नापास झालेल्या मुलाला इतिहास येत नसतो असं नाही. उत्तर तोंडी विचारून बघा. तोंडी येत असेल आणि लेखी नसेल तर शाळेशी वेळ वाढवून देण्याबद्दल बोला. खालच्या वर्गात बसवायची घाई करू नका.

लहानांसाठी एक बारीकशी गोष्ट: उशीची खोळ शेवटच्या आठवड्यात धुवू नका. तशीच हातातल्या पिशवीत घाला. नव्या खोलीत पहिल्या रात्री वास ओळखीचा असला की झोप लागायला मदत होते.

आणि निरोप. घर, वर्ग, बाग, शेजारचं कुत्रं, सगळ्यांना नाव घेऊन निरोप देऊ द्या. अर्धवट भांडण राहिलं असेल तर मिटवून या. पोलॉक यांची राफ्ट ही पद्धत यासाठीच आहे: दुरावे मिटवणं, आभार मानणं, निरोप घेणं आणि पुढच्या ठिकाणाचा विचार करणं, याच क्रमाने. लोक उलट्या टोकाने सुरू करतात आणि चौथ्यावरच थांबतात.

मूल शाळेत अजिबात बोलत नसेल आणि पहिला महिना उलटून आणखी महिनाभर तसंच चाललं तर 'लाजतंय' म्हणून सोडू नका, बालमानसतज्ज्ञाला दाखवा.

ढोबळमानाने

अवांतर, पण राहवत नाही. घराच्या ओढीने माणूस आजारी पडतो हे पहिल्यांदा वैद्यकीय भाषेत योहानेस होफर या विद्यार्थ्याने १६८८ मध्ये बाझेलच्या प्रबंधात लिहिलं. 'नॉस्टॅल्जिया' हा शब्द त्यानेच घडवला. त्याचा खात्रीचा इलाज एकच: घरी पाठवा.

घरी पोचून आजारी पडणाऱ्याचं काय करायचं, हे बहुधा दुसऱ्या खंडात असावं.

अर्धविराम

धागाकर्तीचा तिसरा प्रश्न तसाच राहिलाय. डॉक्टरकडे कधी?

निळी शाई

हो, तो राहिलाच.

आधी झोप. विमानप्रवासाने बिघडलेलं चक्र ढोबळ मानाने प्रत्येक कालविभागाला एक दिवस घेतं. म्हणजे दहा तासांचा फरक असेल तर दहा-बारा दिवस. महिन्यानंतरही पहाटे तीनला जाग येत असेल तर त्याला जेट लॅग म्हणणं थांबवा.

ताणानंतर जुळवून घेता न येण्याच्या विकाराला वैद्यकात स्वतंत्र नाव आहे, समायोजन विकार. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी ११ या आजारांच्या वर्गीकरणानुसार त्याची लक्षणं साधारण महिन्याभरात सुरू होतात आणि ताण टिकून नसेल तर बहुधा सहा महिन्यांत ओसरतात. त्यात सतत त्याच गोष्टीचा विचार चालू राहतो आणि घर, काम यांतलं नेहमीचं वागणं कोलमडतं. नुसतं उदास वाटणं म्हणजे विकार नव्हे.

नैराश्य आहे का हे घरी तपासायला पीएचक्यू ९ ही प्रश्नावली आहे: मागच्या दोन आठवड्यांबद्दल नऊ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३, एकूण २७. दहा किंवा जास्त आले तर डॉक्टरला भेटावं. ते निदान नाही, चाळणी आहे. मात्र नववा प्रश्न, मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा, त्याला शून्याखेरीज काहीही उत्तर आलं तर बेरीज करत बसू नका. त्याच दिवशी कुणाला तरी सांगा आणि मदत घ्या.

दारूचं प्रमाण वाढणं हे पुरुषांत पुष्कळदा उदासीच्या आधी दिसतं. तेही डॉक्टरला सांगा, आणि मुख्य म्हणजे परतल्याची तारीख सांगा. लोक पोटदुखी, डोकेदुखी, थकवा घेऊन जातात, तपासण्या ठीक येतात, आणि देश बदलला ही गोष्ट कुणी विचारत नाही म्हणून सांगितलीही जात नाही.

एक राहिलं. हे पुष्कळदा दुःखच असतं, फक्त त्याला समाजात जागा नसते. केनेथ डोका यांनी १९८९ मध्ये अशा मान्यता न मिळालेल्या शोकाबद्दल लिहिलं. तिकडचे मित्र, तिकडची सकाळ, तिकडचा स्वतः, काही मेलेलं नसतं, म्हणून सांत्वनाला कुणी येत नाही.

पाऊलवाट

सगळ्यांचे आभार. एक शेवटची शंका. पहिल्या काही महिन्यांत जवळजवळ प्रत्येक घरात 'परत जायचं का?' सुरू होतं. हा निर्णय कधी घ्यावा?

कासव

आधीच तारीख ठरवावी. परतल्यापासून बारा महिने, आणि त्याआधी या विषयावर निर्णय नाही. बोलणं चालेल. जिवाला धोका असेल तर अर्थातच हा नियम नाही. दर महिन्याच्या शेवटी घरातल्या प्रत्येकाने एका ओळीत लिहून ठेवावं: या महिन्यात काय सोपं झालं, काय नाही. बाराव्या महिन्यात त्या बारा ओळी समोर घेऊन बसा. त्या दिवशीच्या भांडणावरून ठरवू नका.

टिपणवही

कासव, एक दुरुस्ती. बऱ्याच देशांचे निवास परवाने ठरावीक काळ बाहेर राहिलं की रद्द होतात, आणि ती मुदत बारा महिन्यांहून कमी असू शकते. निघण्याआधी ती तारीख लेखी तपासा. नाहीतर घरातल्या एकाला ती माहीत असते, दुसऱ्याला नसते, आणि आठव्या महिन्यात हा अचानक इतका बेचैन का झाला हे कुणाला उमगत नाही.

अर्धविराम

आणि मुदतीच्या तारखेला दोघांचं मत वेगळं असेल तर?

टिपणवही

तर आधी मुदत वाढवून मिळते का ते विचारा. काही ठिकाणी परतीच्या प्रवेशाची वेगळी परवानगी मिळते, पण बहुतेकदा अर्ज देश सोडण्याआधीच करावा लागतो. म्हणून ते वरच्या यादीत घाला, मोबाइल नंबरच्या खाली.

तिसरी घंटा

आणि तोवर दंडपेटी फोडू नका.